बुधवारच्या कपातले मिलिग्रॅम

माणसाने निवृत्त जरूर व्हावं, पण वजनमापे खात्यातून होऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाकीची माणसं निवृत्त झाली की कुंड्यांना पाणी घालतात, नातवंडांवर ओरडतात, फार तर वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. मापसाहेब निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात येणाऱ्या साबणाच्या वड्यांचं वजन करू लागले. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते वाचायची इमारतीत कोणाला गरज पडत नाही. बत्तीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले, चार ग्रॅमसाठी भल्याभल्यांना कोर्टाची पायरी दाखवली, आणि 'साधारण', 'अंदाजे', 'थोडंफार' हे शब्द त्यांना शिव्यांसारखे लागू लागले. घरात माणसं तीन. एक ते, दुसरी त्यांची बायको, जिला सगळी इमारत वहिनी म्हणते, आणि तिसरी त्यांची थोरली बहीण आक्का. आक्कापुढे त्यांचं कुठलंच माप आजवर चाललेलं नाही.

तर झालं असं, की वहिनींच्या छातीत मधूनच धडधडायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, काळजीचं काही नाही म्हणाले, पण चहा-कॉफीतलं कॅफिन दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका म्हणाले. वहिनींनी घरचा सकाळचा आणि दुपारचा चहा त्याच दिवशी सोडला, आणि वर नवऱ्याला आणि नणंदेला तो करून देत राहिल्या. बाहेरचा एक कप तेवढा उरला. दर बुधवारी दुपारी साडेतीनला वहिनी चौकातल्या कॉफीच्या दुकानात जायच्या, तिथे माचा नावाचा हिरव्या पुडीचा, दुधाचा फेस घातलेला चहा घ्यायच्या आणि साडेचार वाजता परत यायच्या. गेली सहा वर्षं हा नेम होता.

मापसाहेबांनी अर्थातच हुकूम काढला, की आजपासून तोही बंद. एरवी वहिनी त्यांचे हुकूम ऐकून घेत आणि आपल्याला हवं ते करत, त्यामुळे संसार सुरळीत चालला होता. या वेळी मात्र त्यांनी भाजी चिरायची थांबवली.

"त्या कपात किती असतं ते ठाऊक आहे तुम्हाला? मोजून आणा. शंभराच्या वर निघालं तर त्या दिवसापासून बंद. पण मोजायला बुधवारी यायचं नाही. बुधवारी मी असते तिथे."

चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला कुठल्या कामाला लावलं की तो किती महिने सापडत नाही, याचा हिशेब बायकोला असतो. मापसाहेबांना मात्र आपल्यावर शासनाने पुन्हा विश्वास टाकला असंच वाटलं. त्यांनी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. भिंतीवरच्या फळ्यावर चहाचेच सात प्रकार. काळा, हिरवा, बर्फाचा, लिंबाचा, फुलांचा, फेसाळ दुधाचा आणि वहिनींचा तो माचा. काउंटरवर चष्मा लावलेल्या एक ताई होत्या. मापसाहेबांनी त्यांना विचारलं की प्रत्येकात कॅफिन किती. ताई म्हणाल्या, कॉफीपेक्षा कमी. किती कमी? तर म्हणे बरंच कमी. मापसाहेबांनी वहीतल्या रकान्यात लिहायला पेन टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. मग त्यांनी कपांकडे मोर्चा वळवला. त्या दुकानात लहान नावाचं मापच नव्हतं. मोठा, त्याहून मोठा आणि जंबो, असे तीन, आणि एकावरही मिलिलिटरची खूण नाही. साहेबांनी खिशातून मापाचं नळकांडं काढलं, बर्फाचा चहा मागवला, गाळणीने बर्फ बाजूला काढला आणि उरलेला चहा सगळ्यांच्या देखत मोजला. जवळजवळ निम्मा बर्फ निघाला. आतल्या दारातून मॅनेजर हे बघत उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता, पण साहेब आकडा लिहिण्यात गुंग होते.

आता इमारतीत कुठलीही गोष्ट दोन दिवसांच्या वर गुपित राहत नाही. सल्ले येऊ लागले. खालचे औषधवाले म्हणाले, साखर मोजायची पट्टी मिळते तशी कॅफिनची मिळत असेल, पण आपण ठेवत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्रोफेसर रसायनशास्त्राचे. त्यांना वीस वर्षांत कोणी शास्त्रातलं काही विचारलं नव्हतं, त्यामुळे ते चपला न घालताच खाली आले. कॅफिन घरच्या घरी वेगळं काढता येतं, एक द्रावण लागेल, थोडा वास येईल, आणि कुकर लागेल, असं त्यांनी समजावलं. कुकर हा शब्द ऐकताच आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. प्रोफेसरांनीच मग ही पद्धत जुनी झाल्याचं सांगितलं आणि ते वर गेले.

उपकरण नसेल तर निरीक्षकाने काय करायचं? खात्याच्या शिकवणीत याचं उत्तर होतं, की स्वतःच्या अधिकारात निर्णय घ्यायचा. मापसाहेबांनी स्वतःलाच उपकरण करायचं ठरवलं. रोज दुपारी तीन वाजता एक चहा, त्याआधी नाडी मोजायची, पाऊण तासाने पुन्हा मोजायची. एका वाचनावर शास्त्र उभं राहत नाही, म्हणून प्रत्येक प्रकार तीनदा. बुधवार वगळून. पहिल्या आठवड्यातच नाडी बहात्तरवरून चौऱ्याण्णववर जाऊ लागली. सगळ्यात सौम्य म्हणून ज्याचा लौकिक, त्या फुलांच्या चहानेसुद्धा ती अठ्ठ्याऐंशीला नेली. एके दिवशी एकशे चार आली, पण त्या दिवशी पोस्टमनशी वाद झाला होता, म्हणून तो आकडा त्यांनी प्रामाणिकपणे खोडला आणि शेजारी 'राग' असं लिहिलं. दुपारची झोप, जी बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीतही कधी चुकली नव्हती, ती पार गेली. दुपारभर ते घरात येरझाऱ्या घालत आणि वहिनी भांडी कशी लावतात ते पाहून सूचना करत. वहिनींनी एकदा फक्त विचारलं, अजून किती प्रकार राहिले.

शेवटी नाडीवर भागणार नाही, पक्का आकडा हवा, म्हणून त्यांनी सार्वजनिक तपासणी प्रयोगशाळा गाठली. इथे मात्र माशी शिंकली. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज पाहिला आणि विचारलं, तुम्ही उत्पादक का? नाही. विक्रेते? नाही. अधिकृत निरीक्षक? मापसाहेब ताठ झाले आणि म्हणाले की ते होते. कारकून म्हणाला, "होतात ना, काका. आता काय आहात?" हा प्रश्न माणसाच्या तोंडावर असा विचारू नये. नमुने कसे घ्यायचे, तीन बाटल्या कशा भरायच्या, लाखेची मोहर कुठे लावायची, हे याच खात्यातल्या निम्म्या लोकांना मापसाहेबांनी शिकवलेलं. ते बाकावर जाऊन बसले. तासाभराने कारकुनालाच दया आली असावी. त्याने अर्जात एक शेवटचा रकाना दाखवला, 'इतर'. इतर असाल तर कारण लिहा.

मापसाहेबांनी कारण लिहिलं, 'पत्नी'. अर्ज परत आला. कारण सविस्तर लिहावं. मग ते पुन्हा बाकावर बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर त्यांनी असं काही लिहिलं, ज्याला कुठलाच नियम लागत नव्हता. पत्नीची छाती धडधडते. आजवर आमच्या घरात जे जे बिघडलं ते तिनेच नीट केलं. तीच बिघडली तर काय करायचं हे मला माहीत नाही, म्हणून आकडा हवा आहे. कारकुनाने ते वाचलं, मग एकदा खिडकीबाहेर पाहिलं, आणि शिक्का मारला. येत्या गुरुवारी नमुने आणा, तो चुकला तर पुढची तारीख तीन महिन्यांनी, एवढंच तो म्हणाला.

सात प्रकार, प्रत्येकाच्या शंभर मिलिलिटरच्या तीन बाटल्या, म्हणजे एकवीस. शनिवारी मापसाहेबांनी फ्रिजचे दोन कप्पे रिकामे करून त्या ओळीने लावल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. मोहरा बुधवारी लावायच्या ठरल्या, कारण लाख मिळाली नव्हती. इथेच त्यांनी घोडचूक केली. मोहर नसलेली बाटली म्हणजे आक्काच्या हिशेबी उरलेलं अन्न. आणि या घरात उरलेलं अन्न टाकायचं नाही, हा कायदा आक्काने मापसाहेबांच्या जन्माआधीपासून चालवला आहे.

रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या कमिटीची बैठक त्यांच्याकडे होती. विषय गच्चीवरच्या गळक्या टाकीचा, जो तीन वर्षं पुढच्या बैठकीत ढकलला जात होता. ही बैठक पंधरा मिनिटांची असते आणि तेवढ्यातही चेअरमन डुलकी काढतात. मापसाहेब हिशेबाची फाईल आणायला प्रोफेसरांकडे गेले तेवढ्यात आक्काने एकवीसच्या एकवीस बाटल्या मोठ्या पातेल्यात ओतल्या, त्यात दूध आणि साखर घातली, खळखळून उकळी आणली आणि सात माणसांना पेले भरून दिले. रंग जरा हिरवट होता, पण फुकटच्या चहाचा रंग कमिटी बघत नाही. दुसऱ्यांदा मागून घेतला.

पुढचं काय सांगायचं? अर्ध्या तासात टाकीचा ठराव झाला. मग इमारतीला रंग देण्याचा झाला. मग रंग कोणता यावरून सेक्रेटरींनी राजीनामा दिला, दहा मिनिटांनी परत घेतला आणि पुन्हा दिला. प्रोफेसरांनी उभं राहून शिक्षणपद्धतीवर भाषण केलं, जे कोणी मागितलं नव्हतं आणि ज्याला सगळ्यांनी जोरजोरात दुजोरा दिला. चेअरमन टाकी प्रत्यक्ष पाहायला म्हणून चार जिने चढून गच्चीवर गेले, उतरले आणि काहीतरी राहिलं म्हणून परत चढले. दोन वाजले तरी कोणी घरी जायचं नाव घेईना. मापसाहेबांनी पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला आणि ते उघड्या दारापाशी तसेच उभे राहिले.

आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "कसलं कसलं उरलेलं पाणी साठवून ठेवलं होतंस, नासून गेलं असतं. बाटल्या धुऊन उपड्या घातल्यात." मापसाहेबांना ओरडायचं होतं, पण आक्कासमोर त्यांचा आवाज लहानपणापासून चढत नाही. वहिनी मात्र खुर्चीच्या पाठीला धरून इतक्या हसल्या, की बऱ्याच दिवसांत त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

आता गुरुवार चुकवायचा नाही म्हटल्यावर पुन्हा नमुने गोळा करायला हवे होते. रविवार दुपारपासून मंगळवारपर्यंत दुकान बंद, आत दुरुस्ती चालली होती. उरला बुधवार. बुधवारी यायचं नाही हा बायकोचा शब्द होता आणि साहेबांना तो मोडायचा नव्हता. म्हणून ते चौकातल्या फळवाल्याच्या गाडीआड उभे राहिले आणि वहिनी साडेचारला बाहेर पडून वळणाआड गेल्यावरच आत शिरले. एके काळी ज्यांना पाहून बाजारातले दुकानदार मागच्या दाराने पळायचे, ते साहेब केळ्यांच्या घडाआडून स्वतःच्या बायकोला चुकवत होते. काय वाटलं असेल त्यांना, तुम्हीच बघा.

त्यांनी सातही प्रकारांची ऑर्डर सांगितली आणि खुलासा म्हणून सगळी हकीकतही सांगितली. ताईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग त्या हळूच म्हणाल्या की मोठा घोटाळा झाला आहे. पहिल्या दिवशीच्या त्या नळकांड्यामुळे मॅनेजरला साहेब सरकारी तपासनीस वाटले. मापात कमी सापडायला नको, म्हणून त्याने हुकूम सोडला होता की या काकांच्या प्रत्येक कपात पुडी आणि पत्ती दुप्पट टाकायची. गेले तीन आठवडे साहेब दुप्पट चहा पीत होते. एकवीस बाटल्यांत दुप्पट होता. वहीतला एकही आकडा खरा नव्हता. उभ्या आयुष्यात कमी मापासाठी लोकांना धरलं, आणि नाचक्की झाली ती जास्त मापाने.

साहेबांना कुठेतरी टेकायला हवं होतं. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं, पण त्यावर एक कप तसाच राहिला होता. हिरवा चहा, वरचा फेस विरून गेलेला, कप काठोकाठ. हा कोणी टाकला, असं त्यांनी सवयीने विचारलं.

"बुधवारच्या काकूंचा," ताई म्हणाल्या. "महिना होत आला, पीत नाहीत त्या. घेतात, समोर ठेवतात, तासभर बसतात आणि जातात. मी एकदा विचारलं, चव बिघडलीय का. म्हणाल्या, चव चांगली आहे, डॉक्टरांनी नको म्हटलंय."

मापसाहेबांनी खिशातून नळकांडं काढलं आणि कप मोजला. साडेतीनशे मिलिलिटर. एक घोटही कमी नाही. पहिल्यांदा त्यांना एवढं हायसं वाटलं, की चहा कपात परत ओतताना थोडा टेबलावर सांडला. मग राग आला. प्यायचं नव्हतं तर यायचं कशाला? बसायला घरी खुर्च्या नाहीत का? चांगल्या पाच आहेत. त्याच रागात ते तिच्या खुर्चीत बसले. समोर रस्ता होता, पलीकडे शिंप्याचं दुकान होतं, शिंपी कापड कापत होता. पंधरा मिनिटं गेली. कोणी त्यांना काही विचारलं नाही, कोणी काही मागितलं नाही. यात विशेष ते काय, असं त्यांना वाटलं, कारण घरीही त्यांच्याकडे कोणी काही मागत नसे. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की घरी सगळं तिच्याकडे मागतात. चष्मा, टॉवेल, औषध, फाईल, दुपारचा चहा. सगळ्यात जास्त ते स्वतःच मागतात. ती नुसती बसायला जाते म्हणाली असती तर त्यांनीच पहिल्यांदा विचारलं असतं, की त्यासाठी बाहेर कशाला.

त्यांनी बाकीची ऑर्डर रद्द केली. तो गार झालेला चहा तीन बाटल्यांत भरला, तिथेच बसून मोहरा लावल्या, आणि गुरुवारी प्रयोगशाळेत तेवढाच नमुना दिला. दुप्पट न केलेला असा त्यांच्या हाती आलेला तो एकच कप होता.

प्रयोगशाळेतून परत येताना दुसऱ्या जिन्यावर त्यांच्या छातीत असं काही धडधडलं, की कठडा धरून खाली बसावं लागलं. वहिनींनी त्यांना हाताला धरून त्याच डॉक्टरांकडे नेलं. नाडी एकशे बारा. डॉक्टरांनी विचारलं की काय खाल्लंत, काय प्यायलात, तर साहेबांनी वही पुढे केली. डॉक्टरांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, 'राग' या नोंदीपाशी थांबून वर पाहिलं, आणि सांगितलं की काळजी बायकोची नाही, यांची आहे. दोन महिने चहा पूर्ण बंद. घरचा, बाहेरचा, फुलांचासुद्धा. घरी आल्यावर आक्का म्हणाली, बरं झालं, तेवढंच दूध वाचेल.

पंधरा दिवसांनी लिफाफा आला. साहेबांनी तो उघडला, शंभर मिलिलिटरमागे आलेल्या आकड्याला साडेतीनने गुणलं, उलटा भागाकार करून ताळा पाहिला, आणि वहिनी भांडी पुसत होत्या तिथे जाऊन उभे राहिले.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "पूर्ण कपात. शंभराच्या आत आहे."

वहिनींचा हात थांबला. "म्हणजे प्यायला हरकत नाही?"

हरकत नाही, असं ते म्हणाले. आत्तापर्यंत न पिता तिथे काय करत होतीस, हा प्रश्न त्यांच्या जिभेच्या टोकावर आला होता. तो त्यांनी गिळला, आणि हे काम त्यांना गेल्या दीड महिन्यातल्या सगळ्या कामांपेक्षा जड गेलं. वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चौतीस वर्षांत या माणसाने प्रश्न गिळल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि बायकांना तेवढ्यावरून सगळं कळतं. त्यांनी पुढचं भांडं पुसायला घेतलं. साहेबांनी उगीचच एक पुसलेलं ताट उचलून पुन्हा पुसलं.

"मी येऊ का गं तिथे, एखाद्या बुधवारी?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी नाही," वहिनी म्हणाल्या. "गुरुवारी चला. मी पिईन, तुम्ही समोर ठेवून बसा."

साहेबांनी किती वाजता निघायचं ते विचारलं.